शिवराई खरी की नकली, आणि कितपत टिकलेली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीआधी माळे झाडायला काढले, की दापोलीपासून मालवणपर्यंतच्या घरांतून माझ्याकडे तांब्याच्या नाण्यांचे फोटो यायला लागतात. फडताळातल्या डब्यात मिळालेली, देवघरात ताम्हनाखाली राहून गेलेली, भाताच्या खाचरात नांगराला लागलेली. ही शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, आहे का आणि खरी आहे का, असे प्रश्न बरेचसे तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. एकाच उत्तरात सगळं मावत नाही. जिथे दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे, तिथे तो जरूर वाचा.

१. आमच्या देवघरात एक जाड तांब्याचं नाणं आहे. ते शिवराई आहे हे कसं ओळखायचं?

नागरी अक्षरं शोधा. एका बाजूला तीन ओळींत "श्री / राजा / शिव" आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत "छत्र / पति". भोवती ठिपक्यांचं वर्तुळ असतं, पण त्याचा बहुधा तुकडाच दिसतो. नाणं दोनएक सेंटिमीटर रुंद आणि रुंदीच्या मानाने चांगलंच जाड असतं. एखादी छोटी खूण सोडली (प्रश्न ३) तर नाण्यावर चित्र नाही, राजाचा चेहरा नाही, इंग्रजी अक्षर तर नाहीच.

अक्षरं झिजली असतील तर नाणं हातात तिरकं धरा आणि खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या. सरळ उजेडात सपाट वाटणाऱ्या नाण्यावर "राजा"चा काना किंवा "छ"चं पोट अचानक उठून दिसतं.

२. शिवराई आहे म्हणजे ती शिवाजी महाराजांच्या काळातलीच ना?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर बहुतेक वेळा "नाही" असं असतं. महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. त्या वेळी ठरलेला हा मजकूर पुढच्या छत्रपतींनी आणि पेशव्यांच्या अमलातल्या टांकसाळींनी तसाच चालू ठेवला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावरही शिवराई बाजारातून लगेच हटली नाही. एकोणिसाव्या शतकात खेडोपाडी ती पैसा म्हणून चालतच होती. म्हणजे "श्री राजा शिव छत्रपति" ही अक्षरं सव्वाशेहून अधिक वर्षं तांब्यावर उमटत राहिली.

त्यामुळे नाणं खरं असणं आणि ते महाराजांच्या हयातीतलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घराघरांत सापडणाऱ्या शिवराया बहुतेक खऱ्या असतात, पण उशिराच्या. हे ऐकून कोणाचा चेहरा पडला तर मला वाईट वाटतं. महाराजांच्या पश्चात सव्वाशेहून अधिक वर्षं लोकांनी रोजच्या मिठामिरचीच्या व्यवहारातही त्यांचंच नाव हातात धरलं, याचा पुरावा तुमच्या देवघरात आहे. तो कमी मोलाचा नाही.

३. मग काळ कसा ओळखायचा? "दुदांडी" म्हणजे नेमकं काय?

अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा, म्हणजे दोन दांड्या असतील तर ती दुदांडी शिवराई. ही उशिराची, पेशवाईच्या उत्तरार्धातली आणि त्यानंतरची घडण. आपल्याकडे सर्वांत जास्त मिळते ती हीच. दांड्या दिसल्या की महाराजांच्या काळाचा विचार सोडून द्यायला हरकत नाही.

दांड्या नाहीत म्हणून मात्र नाणं आपोआप जुनं ठरत नाही. वजन (प्रश्न ६), अक्षरांचं वळण, ठिपक्यांची ठेवण आणि मजकुराजवळची एखादी खूण हे सगळं एकत्र पाहावं लागतं. चंद्र, सूर्य, त्रिशूळ, फूल अशा खुणा असलेल्या शिवराया वेगवेगळ्या टांकसाळींच्या आणि बहुधा नंतरच्या असतात. नुसत्या फोटोवरून "शिवकालीन" असा शिक्का मारणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

४. आमच्या नाण्यावर "शिव"च्या जागी "सिव" आहे, दुसऱ्यावर "शीव" आहे. चुकीचं लिहिलंय म्हणजे नकलीच ना?

उलट. शिव, शीव, सिव, सीव, तसंच पति आणि पती, अशी सगळी रूपं खऱ्या नाण्यांवर मिळतात. ठसा कोरणारे कारागीर अनेक, टांकसाळी अनेक, आणि ऱ्हस्व-दीर्घाचे आजचे नियम तेव्हा नव्हतेच. ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं, त्यामुळे एखादं अक्षर चक्क आरशातल्यासारखंही उमटतं. मला धास्ती वाटते ती शुद्ध, गोल आणि छापील पुस्तकातल्या वळणाची अक्षरं दिसली की.

५. अर्धीच अक्षरं आहेत आणि काठ वाकडातिकडा आहे. खऱ्या नाण्याचं असं असतं का?

खऱ्याचंच असं असतं. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा, अशी ही नाणी पाडत. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून पूर्ण मजकूर आणि पूर्ण ठिपके एका नाण्यावर क्वचितच मावतात. चकती जरा सरकली की "श्री" बाहेर गेली. घावाने काठाला चीर पडणं हेही नेहमीचं.

दोन्ही बाजूंना सगळे ठिपके, सगळी अक्षरं आणि कंपासने काढल्यासारखा गोल काठ असेल, तर ती गडाच्या पायथ्याशी मिळणारी प्रतिकृती असण्याचीच शक्यता जास्त. प्रतिकृती विकण्यात गैर काही नाही. ती जुनी म्हणून विकणं गैर.

६. वजन किती भरायला हवं?

जुन्या घडणीच्या शिवराया सहसा ११ ते १३ ग्रॅमच्या आसपास भरतात, दुदांडी ८ ते १० च्या आसपास. झीज आणि गंज यामुळे ग्रॅमभर इकडेतिकडे होतं. अर्धी आणि पाव शिवराईही होती, तेव्हा नाणं अगदी हलकं भरलं तर आधी आकार बघा.

नुसत्या वजनापेक्षा घनता जास्त बोलकी, आणि ती घरी काढता येते. दोन दशांशांपर्यंत दाखवणारा सोनाराचा छोटा काटा घ्या. नाणं कोरडं असताना वजन लिहून ठेवा. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर येईल तो आकडा म्हणजे बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा.

समजा कोरडं वजन १०.२० आणि पाण्यातला आकडा १.१६. भागाकार ८.८ च्या जवळ येतो. शुद्ध तांब्याची घनता ८.९६, जुन्या तांब्यात बारीक पोकळ्या आणि गंज असल्याने थोडं कमी येणं स्वाभाविक आहे. तोच आकडा १.५० आला तर घनता ६.८, म्हणजे आत जस्ताचं ओतकाम आणि वर तांब्याचा मुलामा. पितळ मात्र ८.४ ते ८.७ मध्ये येतं, त्यामुळे या चाचणीत ते निसटू शकतं. त्यासाठी काठावरच्या एखाद्या जुन्या ओरखड्याचा रंग पाहा: तांबूस की पिवळसर? नवा ओरखडा काढू नका.

या चाचणीनंतर नाणं पूर्ण कोरडं करायला विसरू नका. कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

७. ओतून केलेली नक्कल कशी ओळखू येते?

दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. घाव घालून पाडलेल्या नाण्यात धातू ठशाच्या खोबणीत चढलेला असतो, म्हणून अक्षराच्या कडा जमिनीतून, म्हणजे नाण्याच्या सपाट भागातून, तटकन उभ्या राहतात आणि जमिनीवर धातू सरकल्याच्या बारीक रेघा दिसतात. ओतीव नाण्यात अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी गोलसर, मऊ असतात. जमिनीवर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. काठावर चहूकडे फिरणारी एक रेघ, किंवा ती घासून काढल्याच्या आडव्या खुणा मिळाल्या, की साच्याचे दोन भाग जोडलेले आहेत असं समजावं.

गंजानेही खड्डे पडतात, इथे गल्लत होते. गंजाचे खड्डे वेडेवाकडे, कमीजास्त खोल आणि तळाशी काळे-हिरवे असतात. बुडबुड्याचे गोल आणि गुळगुळीत.

सगळ्यात पक्का पुरावा जोडीत सापडतो. एकाच विक्रेत्याकडच्या दोन शिवरायांवर तीच चीर, तोच खड्डा, तोच निसटलेला ठिपका असेल तर दोन्ही एका साच्यातून आल्या. एकाच ठशाची दोन खरी नाणी असू शकतात. पण चकतीची चीर आणि गंजाचा खड्डा सारखा असणं शक्य नाही.

८. हिरवा थर आहे म्हणजे जुनंच ना?

हिरवा रंग आठवडाभरात आणता येतो. अमोनियाची वाफ, मीठ आणि आंबट, शेणात पुरणं, किंवा सरळ रंग. खरा थर शतकभर हळूहळू चढलेला असतो: घट्ट, धातूशी एकजीव, आणि एकाच नाण्यावर काळा, तपकिरी, शेवाळी असा बदलत जाणारा. बहुतेकदा उंच अक्षरांवर तो हाताळून विरळ झालेला असतो आणि खोबणीत दाट.

लावलेला थर एकसारखा असतो, अक्षरावर आणि खोबणीत तोच. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस हलकेच टेकवा. कापसाला रंग लागला तर तो रंग किंवा लाखच. लाकडी दातकोरणीने खरा थर सहसा निघत नाही, लावलेला खपली होऊन सुटतो.

९. आम्ही समुद्राकाठी राहतो. नाण्यावर फिकट हिरवी भुकटी येते, पुसली तरी महिन्याभरात परत येते. हे काय?

हा प्रश्न कोकणातून जितका येतो तितका घाटावरून येत नाही. खाऱ्या हवेतलं, घामातलं किंवा मातीतलं क्लोराईड तांब्यात शिरतं आणि क्युप्रस क्लोराईड तयार होतं. हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की त्यातून आम्ल सुटतं, ते आणखी तांबं खातं, पुन्हा क्लोराईड, पुन्हा आम्ल. संग्राहक याला तांब्याचा रोग म्हणतात आणि तो तसाच वागतो: नाणं आतून पोखरत जातो. घट्ट गडद हिरवा थर नाण्याचं रक्षण करतो. ही फिकट, पिठासारखी, नखाने उडणारी भुकटी त्याला संपवते.

असं नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं करा. लाकडी काडीने भुकटी काढा. मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ऊर्ध्वपातित पाण्यात (डिस्टिल्ड वॉटर) बुडवून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत राहा. हे काम आठवड्यांचं आहे. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको, त्यातही क्लोराईड असतं. नंतर कापडाने टिपून, मंद उबेत पूर्ण कोरडं करा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. महिनाभराने बघा. भुकटी परत आली तर पुढची रसायनं विषारी आहेत, ते काम संग्रहालयातल्या जतन करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावं.

१०. कोकमाने किंवा चिंचेने घासून लख्ख करू का? तांब्याची भांडी तशीच होतात की.

कृपा करून नको. आगळ, चिंच, लिंबू-मीठ, पितांबरी, रांगोळी, राख, यांतलं काहीही नको. भांड्याला पुन्हा चकाकी हवी असते आणि त्याचा पत्रा थोडा झिजला तरी बिघडत नाही. नाण्याचं तसं नाही. आम्ल वरचा थर खातं आणि त्यासोबत अक्षराची धार जाते. मीठ लागलं तर प्रश्न ९ मधला रोग आपण हाताने पेरतो.

माझी पहिली शिवराई मला आजोळच्या माळ्यावर मिळाली होती. आठवीत होतो. वाटीभर आगळात ती रात्रभर ठेवली आणि सकाळी गुलाबी, चकचकीत आणि जवळजवळ कोरी चकती बाहेर काढली. "राजा"चा "जा" तेवढा शिल्लक आहे. ती अजून माझ्याकडे आहे आणि कोणी घासण्याबद्दल विचारलं की तीच दाखवतो.

माती असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने सोडवा, कोरडं करा. तेवढंच.

११. पावसाळ्यात ठेवायचं कुठे?

मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नको. त्यातून सुटणाऱ्या द्रव्याने नाण्यावर हिरवा चिकटा येतो. तो आल्यास ॲसिटोनने निघतो. कडक प्लॅस्टिकच्या डब्या किंवा आम्लविरहित कागदाची पाकिटं घ्या. जूनच्या आधी सिलिका जेल बदला. सागवानी किंवा जांभ्याच्या भिंतीतल्या फडताळात ठेवू नका. लाकडातून आम्लाची वाफ सुटते आणि जांभा ओलावा धरून ठेवतो.

देवघरातल्या शिवराईला रोज स्नान आणि हळद-कुंकू असेल तर मी ते थांबवा म्हणणार नाही. पूजा झाली की कोरड्या सुती कापडाने टिपून ठेवा, इतकं पुरेल.

१२. "फाईन", "व्हेरी फाईन" हा, नाणं किती टिकलंय ते सांगणारा दर्जा शिवराईला कसा लावतात?

यंत्रावर पाडलेल्या नाण्याची पट्टी इथे जशीच्या तशी चालत नाही. चार गोष्टी वेगवेगळ्या पाहा: मजकुराचा किती भाग चकतीवर आला, ठसा किती जोरात बसला, वापराने किती झीज झाली, आणि पृष्ठभाग गंजाने किती खाल्ला. पहिल्या दोन गोष्टी टांकसाळीत ठरल्या, पुढच्या दोन नंतर.

झीज आणि कमजोर घाव यांत फरक करायला शिका. झिजलेलं अक्षर गुळगुळीत, चापट आणि चमकदार असतं. कमजोर घावाचं अक्षर अस्पष्ट असलं तरी तिथली जमीन खडबडीत, चकतीच्या मूळ पोताची असते. आणि एक सोपी खूण: नाणं उलटून नेमकी तीच जागा दुसऱ्या बाजूनेही अस्पष्ट असेल तर घावच नीट बसलेला नाही.

माझ्या मते "राजा शिव" आणि "छत्रपति" हे दोन्ही वाचता येणारं, न घासलेलं, मध्यम झिजलेलं नाणं हे घासून चकाकवलेल्या पूर्ण मजकुराच्या नाण्यापेक्षा वरचं. सगळे संग्राहक हे मानतीलच असं नाही.

१३. नाण्याला भोक आहे. आता त्याची काही किंमत नाही का?

बाजारात कमी होते. पण भोक बहुधा जुनं असतं. मुलांच्या गळ्यात शिवराई दोऱ्यात ओवून घालत. जुन्या भोकाच्या कडा गोलावलेल्या असतात, आत थर असतो आणि दोऱ्याने एका बाजूला झीज दिसते. आतून तांबडं चमकत असेल तर भोक नवं आहे. ते बुजवू नका.

१४. "शिव"ऐवजी "शंभु" किंवा "राम" वाचता येतंय. दुर्मीळ आहे का?

खरं असेल तर फारच दुर्मीळ. म्हणूनच इथे सगळ्यात जास्त संशय घ्यायचा. साध्या, झिजलेल्या शिवराईवर सुईने कोरून नाव बदलण्याचे प्रकार होतात. भिंगाखाली फक्त तिसऱ्या ओळीकडे पाहा: त्या ओळीभोवतीची जमीन बाकीपेक्षा खोल आहे का, थर तिथेच तुटला आहे का, बाकीची अक्षरं झिजलेली आणि हीच धारदार आहेत का. अनेकदा फसवणूकही नसते. "शिव"ची वेलांटी आणि गंजाचा फोड मिळून मनाला हवं ते अक्षर दिसतं. स्वतः वाचल्यावर नाणं दुसऱ्याला काही न सांगता वाचायला द्या.

१५. तराजूचं चित्र असलेलं तांब्याचं नाणं मिळालं. तीही शिवराई का?

नाही, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याचं. एका बाजूला तराजू आणि पारड्यांच्या मध्ये फारसी "अदल", म्हणजे न्याय. १७९१ पासूनची काही इंग्लंडात बर्मिंगहॅमला यंत्रावर पाडून जहाजाने आणली, म्हणून ती गोल आणि एकसारखी दिसतात. इथे प्रश्न ५ चा नियम उलटा लावायचा.

१६. १८१८ सालचं, राम-सीता-हनुमान असलेलं "एक आणा" आहे. ते तांदूळ ओढतं म्हणतात.

कंपनीने तांब्याचा एक आणा काढलाच नव्हता. तिचं तांब्यातलं सर्वांत मोठं नाणं अर्धा आणा. एक आण्याचं नाणं हिंदुस्थानात १९०७ मध्ये आलं, तेही तांबे-निकेलचं. १६१६, १७१७, १८१८ अशी सालं असलेली ही रामदरबाराची "नाणी" फार नंतर केलेले देवस्थानी बिल्ले आहेत. श्रद्धेने जवळ ठेवा, नाणं म्हणून विकत घेऊ नका.

तांदूळ ओढण्याची गोष्ट सरळ फसवणूक आहे. तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही आणि तांदूळ कुठल्याच नाण्याकडे जात नाही. नाणं चुंबकाला चिकटलं तर आत लोखंड आहे. "तपासणीची फी" म्हणून कोणी लाखो रुपये मागितले तर थेट पोलिसांत जा. या नावाखाली लोकांच्या जमिनी गेल्या आहेत.

१७. सोन्याची किंवा चांदीची शिवराई असते का?

सोन्याचा शिवराई होन खरा आहे, मजकूर तोच, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. खरे होन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि नकला असंख्य, तेव्हा तो घरी ठरवायचा विषय नाही. चांदीची म्हणून माझ्याकडे आलेली प्रत्येक शिवराई आजवर पदक किंवा हल्लीची प्रतिकृती निघाली.

१८. विहीर खणताना मडक्यात शिवराया सापडल्या. काय करायचं?

मडकं फोडू नका, नाणी वाटून घेऊ नका, धुऊ तर मुळीच नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवल्यास शिक्षा आहे. कळवल्यावर सापडवणाऱ्याचा हक्क बुडत नाही: ऐवज बेवारस ठरला आणि आधी काही ठरलेलं नसेल, तर मूळ कायद्यात तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि एक जमीनमालकाला आहे. सरकारला ठेवायचा असेल तर ते मोबदला देतं.

आणि त्या मडक्यात कोणत्या घडणीच्या किती शिवराया एकत्र होत्या, यावरूनच प्रश्न ३ मधल्या काळाच्या गाठी सुटतात. वाटून गेलेल्या नाण्यांतून ते कधीच कळत नाही.

रायगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग ही संरक्षित स्मारकं आहेत. तिथे खणणं गुन्हा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं परदेशी पाठवणंही १९७२ च्या कायद्याने बंद आहे. दुबईच्या भाच्याला भेट म्हणूनसुद्धा नाही.

१९. किंमत किती येईल?

साध्या दुदांडीची काही शेकड्यांत. त्या खूप आहेत. लाखांचे आकडे दाखवून नोंदणी फी मागणाऱ्याला पैसे देऊ नका.

२०. तुम्हाला फोटो कसा पाठवू?

दोन्ही बाजू आणि काठ, असे तीन फोटो. सकाळी खिडकीशी, फ्लॅशशिवाय, पांढऱ्या कागदावर, शेजारी मोजपट्टी. एक बाजू उजेड डावीकडून घेऊन आणि तीच उजवीकडून घेऊन काढलीत तर आणखी बरं. वजन लिहा. नाणं कुठे मिळालं आणि घरात त्याच्याबद्दल काय सांगतात तेही लिहा. आणि फोटो नीट यावा म्हणून आधी नाणं पुसू नका.